मोकळं करण्याआधी

आई ब्रनोच्या नाट्यगृहात कोट सांभाळायची.
एकतीस हिवाळे.
पलीकडून ओला कोट यायचा, अलीकडून पितळी बिल्ला जायचा,
आणि मधे ती,
आकडा न वाचता नुसत्या बोटांनी ओळखणारी.

मी कर्नल लिहिते.
आमच्याकडे त्याला यादरो म्हणतात,
जर्दाळूच्या बाठ्यातल्या बीलाही तेच नाव.
आईला एवढं पुरतं: आतलं, न दिसणारं,
चावलं की जीभ कडू करणारं.

रात्रीचे साडेअकरा.
खाली ट्राम वळणावर किंचाळून गेली.
मी हजार खुंट्या मागितल्या होत्या,
येईल त्या जोडणीला टांगायला जागा हवी म्हणून.
मेमरीला हजार कळत नाहीत.
एकाचे दोन, दोनाचे चार,
दुप्पट करत करत ती
एक हजार चोवीसवर थांबली
आणि अवाक्षर न काढता तेवढ्या देऊन मोकळी झाली.
वरच्या चोवीस मी मोजल्या नाहीत.
पदरात जास्त पडलेलं कोण मोजतं?

परत करताना मात्र लिहून दिलं: हजार.

यंत्र जागच्या जागी थिजलं.
काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
घेतलं किती, देतेस किती, मेळ नाही.
हिनेक पलीकडून बघत होता,
हातात बटाट्याचं गार धिरडं.
"सावकार बरा," म्हणाला, "तो निदान
जास्त दिलं तर सांगून देतो."

मी हिशेब सुधारला.
देतानाही तीच दुप्पट, तोच थांबा.
पुन्हा चालवलं.
पुन्हा थिजलं.
आता ओळ वेगळी होती: टेबल रिकामं नाही.

चारशे सतराव्या खुंटीवर
एक नोंद लटकत होती.
जोडणी केव्हाच तुटलेली, पलीकडे कुणी नाही,
आणि ही इथे, साखळीला धरून,
जणू अजून पडदा पडायचा आहे.
तशीच मोडली असती मांडणी
तर उद्या कुणी तिथे हात घातला असता
आणि परक्याच्या खिशातलं काहीबाही बाहेर आलं असतं.

मला आईची ती रात्र आठवली.
मी आठ वर्षांची, काउंटरखाली पेंगत होते.
प्रयोग संपला, माणसं गेली,
एक कोट उरला. करडा, कोपरावर चामड्याचं ठिगळ.
नियम असा की एकही कोट असेतो कुलूप लावायचं नाही.
आई स्टुलावर बसून राहिली. पाच वाजेपर्यंत.
मग आला वाद्यवृंदातला ट्रॉम्बोनवाला,
श्रीयुत व्होंद्राचेक, नाक लाल, मान खाली.
आला होता पुढच्या दाराने,
मित्रांसोबत पिऊन गेला मागच्या.
"हरवत काही नाही गं," आई कुलूप फिरवत म्हणाली,
"दुसऱ्या दाराने जातं."

दुसरं दार.

मी सरळ वाट सोडली, आडवाटा वाचत गेले.
साडेसहाशेव्या ओळीपाशी सापडलं:
वेळ संपली तर जोडणी तिथूनच परत फिरत होती,
खुंटीकडे न येता.
दोन ओळी लिहिल्या. आधी उतरव, मग जा.

तिसऱ्यांदा चालवलं.
काही झालं नाही.
आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नसते.
एक हजार चोवीस जागा जशा आल्या तशा गेल्या,
आणि शेवटी, पॉइंटरला अजून पत्ता पाठ होता
म्हणून त्यावर शून्य लिहिलं,
बिल्ला मागून घेतात तसं.

एक वाजता आईला फोन केला. ती जागीच असते,
नाटक सुटण्याची वेळ अजून तिच्या अंगातून गेलेली नाही.
सगळं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत.
तिने ऐकलं. मग विचारलं,
"तो उरलेला, कुणाचा होता?"
कुणाचा नाही गं, नुसती एक तुटलेली जोडणी.
फोनवर थोडा वेळ तिचा श्वास तेवढा ऐकू आला.
"तरी," ती म्हणाली,
"विचारायचं होतंस."